चित्राखालचं पुस्तक

आज जुनी पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि विद्यापीठाचं ग्रंथालय आठवलं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर तिथं चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. प्रत्येक चित्राखाली जुळणारं पुस्तक ठेवायचं काम माझ्याकडे होतं. खडी फोडणाऱ्या बाईच्या चित्राला काहीच सापडेना, म्हणून मी रस्तेबांधणीचं पुस्तक उघडून ठेवलं.

झाडायला येणारी कोंडाबाई तिथं थबकली. दुष्काळात तिनंही खडी फोडली होती. वाचता मात्र येत नव्हतं.

"सायेब, ह्यात आमचं लिवलंय का?"

"लिहिलंय की," मी ठोकून दिलं.

पदराला हात पुसून तिनं पानावर बोट ठेवलं. "मंग माजी लेक बी आसंल ह्यात. ऊन लागून खडीवरच गेली ती."

बोटाखाली खडीच्या मापांचा तक्ता होता.

तेव्हा वाटलं, बाईचं समाधान केलं. आता कळतं, तिच्या लेकीला मी त्या तक्त्यात पुरलं.