खाचेत चार बोटं शीड

वामन तांडेल होडीच्या फळीवर जरा आडवा होतो. सकाळचे दहा वाजलेत, वारा पडलाय. आपण जागे आहोत की झोपलोय, हे त्याचं त्यालाच कळत नाही. मोठं शीड त्याने एकट्याने उतरवलंय. छोटं अजून पिशवीत आहे. दुपारचा वारा उठायच्या आत ते चढायला हवं. नाहीतर मालक शहरातून माणूस धाडणार, आणि तो नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, वामनच्या बायकोच्या, इंदूच्या जागी उभा राहणार.

या होडीचं पुढचं शीड नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत ताणलेल्या तारेभोवती पडद्यासारखं गुंडाळलं जातं. बदलायचं तर त्याची कड खालून तारेच्या खाचेत सरकवावी लागते. एकाने कड सरकवायची, दुसऱ्याने डोलकाठीपाशी शीड वर चढवणारी दोरी ओढायची. अठरा वर्षं कड इंदूने सरकवली.

"शीड काय चालत वर जाणाराय?"

इंदू नाळेवर उकिडवी बसलीय, पदर खोचून.

"अगं, तू श्रावणात गेलीस ना?"

"गेले तर गेले. दोरी धरा."

तो दोरी ओढतो. नाळ आता त्यांच्या परसात आहे. तार कौलांतून आरपार वर गेलीय आणि इंदू चुलीपाशी बसून कड सरकवतेय, भाकरी थापावी तशी, न बघता.

"थांबा! अडकलं की तुम्ही बैलासारखे ओढता. पहिल्या वर्षी कड फाडलीत, आठवतंय?"

"एकदाच फाडली."

"एकदाच कशी? मी ओरडले म्हणून एकदाच."

चूल नाही, परस नाही. शर्यतीचा दिवस आहे. शेजारच्या होडीवरचे हातमोजेवाले हसतायत, 'बाई नाळेवर?' म्हणून. त्यांचं शीड अर्ध्यात अडकलंय. इंदूचं सरसर वर जातंय, एक सुरकुती नाही. वामनची छाती अशी फुगते की सदऱ्याचं बटण तुटेल.

"माझी बायको आहे ती!" तो ओरडून सांगतो.

"पुरे. सगळ्या बंदराला ठाऊक आहे." ती हसते. मग विचारते, "माझ्या जागी दुसरा उभा राहिलेला चालेल?"

"नाही."

"मग दोन्ही कामं तुम्हीच करा. हातभर ओढा, पुढे या, कड सरळ करा, मागे जा. पाय मोडलेत का?"

"जमेल मला?"

"मी काय ऐऱ्यागैऱ्याशी लग्न केलं होतं?"

तोंडावर ऊन येतं आणि वामन उठून बसतो. वारा अजून नाही. होडीवर तो एकटाच.

पिशवी उघडी आहे. शीड नाळेवर नीट पसरलंय, वरच्या टोकाला दोरीची कडी लावलेली. आणि खाचेत, अगदी तोंडाशी, चार बोटं कड आत बसलीय. सरळ. सुरुवातीची ही चार बोटं वामनला आजवर कधीच जमली नव्हती.

तो तिथे हात लावत नाही. डोलकाठीपाशी जातो आणि दोरी ओढतो, हातभरच, हळू.