काकांचे डोळे

आमच्या घोडपदेवच्या चाळीतले एक काका स्वभावाने फार गरीब. पण गळ्यातल्या ग्रंथीच्या आजाराने त्यांचे डोळे बाहेर आले होते. पापण्या मिटत नसत, म्हणून ते डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून झोपत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पोरं त्यांना पोलिसांसमोर उभं करीत. “हवालदारसाहेब, जेवलात का?” काका हळूच विचारीत. तरी हवालदार मागे सरकत.

डॉक्टरांनी बजावलं, “पापण्या थोड्या शिवायला हव्यात, नाहीतर बुबुळं सुकून दृष्टी जाईल.”

कॉलेजात जाणारा म्हणून पोरांनी मलाच पुढे केलं. मी चाचरत म्हणालो, “काका, एवढा रविवारचा मोर्चा होऊ द्या ना.”

काकांनी इस्पितळाची पिशवी उचलली. “अरे, मुंबई मिळाली तर ती बघायला मला डोळे नकोत का?”