मोठ्या बाईंची मधली सुट्टी

मधल्या सुट्टीची घंटा झाली की मोठ्या बाई खोलीचं दार लोटून घेत आणि जमिनीवर चटई टाकून आडव्या पडत. हातात पुस्तक नाही, कागद नाही. पाठ टेकलेली, डोळे मिटलेले. एकदा शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला नेमके त्याच वेळी आले. शाळेची शिपाईण सखूमावशी दाराशी बसलेली असे. तिने त्यांना स्टूल दिलं आणि सांगितलं, "बसा सायेब. बाई निजल्या नाय, पडल्यात. पन आता उठायच्या नाय." साहेब बसले. घंटा झाल्यावर बाई बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या. आता बोलू."

पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे आजोबा तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत, म्हणून गाव त्या लोकांना शनवार तेली म्हणे. घाणा गेला, पण शनिवार बाईंनी सोडला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे आणि त्या शाळेत येत नसत; ते काम रविवारी येऊन पुरं करत. कुणी टोकलं तर म्हणत, "देवानेसुद्धा सातव्या दिवशी हात थांबवले. मी त्याच्याहून जास्त काम करणारी कोण?"

मी त्या शाळेत लागले ती विधवा होऊन. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा माझे यजमान विषमज्वराने गेले. घरी सासू-सासरे आणि मी. पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवायचा, शाळा करायची, संध्याकाळी शिकवण्या. हाताला काम असलं की डोक्यात काही येत नाही, असं मला वाटे. शेजारीपाजारी म्हणत, सून धीराची आहे. मी डबा वह्या तपासता तपासता खात असे, नाहीतर तसाच परत नेत असे. झोप जवळजवळ गेलीच होती.

मग एके दिवशी फळ्यावर कविता लिहिता लिहिता माझा हात थांबला. पुढची ओळ आठवेना. समोर बसलेल्या मुली कोण, हेही कळेना. घाबरून एका मुलीने मोठ्या बाईंना बोलावून आणलं. बाईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला, मला आपल्या खोलीत नेलं आणि चटईवर निजवलं. स्वतः खुर्चीत बसून राहिल्या. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "उद्या पहाटे तळ्यावर ये. माझ्याबरोबर चालायचं."

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाने चालताना त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी घटसर्पाने गेली होती. "माझी मिलका गेली तेव्हा मी शाळेची एक रजा घेतली नाही," बाई म्हणाल्या. "लोकांनी वाखाणलं. आणि काही महिन्यांनी मला वर्गातल्या मुलींची नावं आठवेनाशी झाली. कुणाचं लेकरू समोर आहे तेच समजेना. तेव्हा ठरवलं, आपल्या या देहाला शाळेतल्या मुलीसारखं सांभाळायचं. जेवलीस का, झोपलीस का, कुठे दुखतंय का, हे रोज विचारायचं. पोरीला आपण उपाशी वर्गात बसवत नाही. मग स्वतःला का बसवायचं?"

त्यांच्या रीती साध्या होत्या. जेवण बसून, दुसरं काही न करता. रात्री निजताना तळपायांना तिळाचं तेल, स्वतःच्या हाताने, सावकाश. पहाटे चालणं. मनात जे दाटलं असेल ते चालताना बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं; पण हसरा चेहरा आणायचा नाही. मला सुरुवातीला हे सगळं चैनीचं वाटे. नवरा गेलेल्या बाईने तळपायांना तेल चोळत बसायचं? तसं मी बोलूनही दाखवलं. बाई फटकन म्हणाल्या, "तू झिजलीस तर तो परत येणार आहे का?" त्यांचा स्वभाव गोड नव्हता.

एका पहाटे त्या तळ्यावर आल्याच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर ओट्यावर बसलेल्या, केससुद्धा विंचरले नव्हते. "आज नाही जमत," म्हणाल्या. "मिलकाचा वाढदिवस आहे." मी शेजारी बसले. निघताना त्या म्हणाल्या, "असे दिवस येतात. तेव्हा स्वतःला बोल लावायचा नाही. उद्या चालू."

माझं पहाटेचं बाहेर पडणं घरात रुचत नव्हतं. सासूबाई एके दिवशी दारात उभ्या राहिल्या. "लोक बोलतात," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पुरे." मी शाळेत हे सांगितलं, तशा बाई संध्याकाळी आमच्या घरी आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. सासूबाईंनी पाट दिला आणि आधीच सांगून टाकलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. आमच्यात तरुण विधवा अशी फिरायला जात नाही."

"एकटी जायला नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही चला बरोबर."

"मी कशाला?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वहिनी, तुम्हाला झोप लागते का हो?"

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांचाही मुलगा गेला होता. हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्याकडे बघून त्यांना हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. शेवटी हळूच म्हणाल्या, "डोळा लागतो, पण लगेच उघडतो. दार वाजल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर आम्ही तिघी जाऊ लागलो. लोक बोलायचे ते बोलले आणि कंटाळले. सासूबाई सुरुवातीला मागे मागे चालत, पुढे बाईंच्या बरोबरीने. कितीतरी वर्षं आमचं असं चाललं. मी पुन्हा पोटभर जेवू लागले, मला वर्गात हसू येऊ लागलं. दुःख गेलं नाही. मी मात्र त्याच्यासकट उभी राहायला शिकले.

बाई साठीच्या आसपास आल्या तेव्हा त्यांच्या भावाचं कुटुंब इस्रायलला निघालं. गावातली त्यांच्या समाजाची घरं एकेक करून बंद होत होती. बाईंना जायचं नव्हतं. "तिथे मला कोण ओळखतं?" असं त्या एकदाच म्हणाल्या. पण उतारवयात एकटं राहणंही सोपं नव्हतं. शेवटी त्या भावाबरोबर जायला तयार झाल्या.

निघायच्या दिवशी सासूबाई आणि मी एस.टी. स्टँडवर गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या. सासूबाईंनी खिडकीतून हात आत घातला, तो बाई दोन्ही हातांत धरून बसल्या. कंडक्टरने घंटी दिली तेव्हाच सोडला.

आम्ही परत निघालो. बाजार ओलांडला. मग सासूबाई म्हणाल्या, "आपल्या वसंताला आवडल्या असत्या या बाई." माझे यजमान गेल्यापासून आमच्या घरात त्यांचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. फार आवडल्या असत्या." त्या थांबल्या, डोळे पुसले, आणि तो लहानपणी शाळेत जाताना कसा रडायचा ते सांगू लागल्या. घर येईपर्यंत सांगत होत्या. दारात पोचलो तरी सांगायचं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही तिथेच पायरीवर बसलो.