बिलवाल्यांचा अडतिसावा नंबर

३० जून. बिलवाल्यांच्या वर्षाच्या मिळकतीतून त्या दिवशी १४,४०० गळाले. सहा दुकानदारांनी त्यांची वार्षिक फी बंद केली होती.

हे गृहस्थ एका गोदामात हिशेबनीस. सुट्टीच्या दिवसांत बसून त्यांनी दुकानांसाठी बिलं करायचा प्रोग्रॅम लिहिला, बारा वर्षं विकला आणि त्याचा कोड बायकोलासुद्धा दाखवला नाही. लोक बिलवाले म्हणू लागले, ते त्यांना मनापासून आवडायचं.

आता धाकट्या साडूने तसलाच प्रोग्रॅम नेटवर फुकट ठेवला होता, तोही आतल्या कोडसकट. कुणीही वाचावा, सुधारावा, परत पाठवावा. एका औषधवाल्याने मुदतीच्या तारखांचा भाग लिहून दिला, एका ग्रंथपाल बाईंनी छपाई नीट केली. साडूने दोघांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. घरात त्याचं कौतुक निघालं की बिलवाल्यांच्या पोटात दुखायचं.

"फुकट आहे म्हणून गोड लागतंय लोकांना."

"मग तुम्हालाच कडू का लागतंय?" बायकोने विचारलं.

तीन रविवार त्यांनी तो कोड उवा काढाव्यात तसा चाळला. चौथ्या रविवारी चूक सापडली. सवलतीत विकलेला माल परत आला की प्रोग्रॅम पूर्ण किंमत परत द्यायला सांगत होता. हीच चूक पूर्वी त्यांच्याकडून झाली होती, त्यांनीच निस्तरली होती. कळवणं दोन मिनिटांचं काम. पण ते गप्प बसले. साडूचं पितळ उघडं पडू दे, सहाही जण येतील नाक मुठीत धरून.

एकोणीस दिवसांनी त्या सहांपैकी कापडवाल्या बाई रस्त्यात भेटल्या. त्यांना फटका बसला होता, पण परत येण्याचं नाव नाही. त्यांनी चूक नेटवर लिहून टाकली होती आणि कुणी अनोळखी माणूस ती दुरुस्तही करत होता. बिलवाल्यांनी घरी येऊन ती दुरुस्ती वाचली. नुसती ठिगळावर ठिगळं. आपण शोधलेल्या चुकीचं श्रेय हा उपटसुंभ नेणार, हे काही त्यांना सोसवेना. जेवायच्या आधी त्यांनी स्वतःच्या अकरा ओळी पाठवल्या.

तासाभरात साडूने त्या घेतल्या आणि फोन केला.

"साडूभाऊ, इतकं नेटकं काम आजवर कुणी पाठवलं नव्हतं. चूक सापडली कधी?"

"आजच," बिलवाले म्हणाले.

मदत करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव अडतिसावं लागलं. वरची सदतीस नावं त्यांनी एकेक करून वाचली. औषधवाला चौथा होता. साडू बाजूलाच राहिला, आता औषधवाला डोळ्यांत सलू लागला.

त्या एकोणीस दिवसांत कापडवाल्या बाईंनी गिऱ्हाइकांना ६१२ जास्त परत केले होते. चूक आपल्याला आधीच ठाऊक होती, हे बिलवाल्यांनी त्यांना खरं खरं सांगितलं आणि रक्कम भरून देतो म्हणाले. ४०० दिले. २१२ देणं बाकी आहे.