छत्तीस फोटोंत बेज्जूरचं आभाळ

ताऱ्यांचे फोटो काढायला महागडा डिजिटल कॅमेरा लागतो, असं मीही समजत होते. मग बेल्लमपल्लीला मामांच्या कपाटात जुना फिल्म कॅमेरा दिसला. मामा खाणीतून रिटायर झालेले. पहिल्या पगारांतून घेतलेल्या त्या कॅमेऱ्याला ते कुणाला हात लावू देत नसत. मला मिळाला तो मामींच्या वशिल्यानं, आणि त्यांची एक अट होती.

"माह्या माहेरच्या आंगनातून खाटलं काढून आन," मामी म्हणाल्या. "माहं लगन तिथंच लागलं. आता हे गुडघे काही मले बेज्जूरले नेत नाहीत."

खाटलं म्हणजे सप्तर्षी. चार ताऱ्यांची म्हातारीची खाट आणि ती पळवणारे मागचे तीन चोर.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आदिलाबादहून सकाळची बस धरली, बेल्लमपल्लीत मामांना सोबत घेतलं, रेल्वेनं कागजनगर आणि तिथून बेज्जूरची बस. बस कमी आहेत, परतीची आधीच विचारून ठेवा. मुक्काम मामींच्या भावाकडे, त्यामुळे खर्च म्हणाल तर फक्त भाडं आणि रोल. रोलच भाड्याहून महाग पडला. जेवायला जवारीची भाकर, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

नवशिक्यांनो, पहिला फोटो उजेडात काढा. नुसत्या ताऱ्यांच्या निगेटिव्हवर एक फोटो कुठे संपतो ते लॅबवाल्याला कळत नाही आणि तो भलतीकडेच कात्री चालवतो. मी अंगणात बाजेवर बसलेल्या मामांचा काढला. अगदी पासपोर्टसारखा चेहरा केला होता त्यांनी.

अंधार पडल्यावर कॅमेरा तिपाईवर लावला. कमी उजेडात चालणारा आठशे आयएसओचा रोल, लेन्स पूर्ण उघडी, प्रत्येक फोटोला वीस सेकंद. त्याहून जास्त ठेवलं की तारे लांबट येतात. सेकंद मोजायचं काम मामांनी घेतलं, तेही तेलुगूतून, खाणीतली सवय.

"मामा, वर बघा ना, काय सुंदर दिसतंय!"

"ते तू पाह्य. मी मोजून राह्यलो."

छत्तीसपैकी एकवीस फोटो बरे आले. हैदराबादच्या लॅबनं स्कॅन करून पाठवले तेव्हा आभाळ शेवाळासारखं हिरवं होतं. दोन संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसले. हिरवा रंग कमी केला, आभाळ गडद केलं, तारे उजळवले. निगेटिव्हवरची धूळ स्कॅनमध्ये पांढरी दिसते, अगदी चांदण्यांसारखी. तीही एकेक ठिपका करून पुसली. स्वतःवर फार खूश होते मी.

लॅपटॉप घेऊन बेल्लमपल्लीला गेले. मामी बराच वेळ बघत राहिल्या.

"चांगलं हाय. पन अरुंधती कुठं गेली?"

मधल्या चोराला चिकटून असते ती बारीक चांदणी. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. मी तिला धूळ समजून पुसून टाकलं होतं! इतकी ओशाळले की काय सांगू. नशीब, काम कॉपीवर केलं होतं. तुम्हीही मूळ फाइलला कधी हात लावू नका.

मूळ फोटो उघडला. हिरव्या आभाळात ती होती.

"हे पाह्य! भटजीनं हिलेच दाखोलं होतं आमाले," मामींचा चेहरा फुलला.

मामा चष्मा लावून जवळ आले. "ही होय का?"

"ही होय का म्हंजे? तवा तं दिसली म्हने तुमी!"

"भूक लागली होती. भटजी इचारून राह्यला होता, म्हनून देल्लं ठोकून."

"चाळीस वर्सं!" मामींना हसावं की भांडावं ते कळेना. शेवटी त्यांनी लॅपटॉप मामांकडे सरकवला. "आता नीट पाहा."

मामा वाकले. काही मोजलं नाही, नुसते बघत राहिले.

"दिसली," ते म्हणाले.