अनिसा सिस्टर आणि गल्लीच्या मोटरी

आमच्या गल्लीत पाच दिवसांनी नळ येतो, आणि त्या दोन तासांत माणूस खरा कसा आहे ते कळतं. प्रत्येकानं नळाला मोटर जोडलेली. सगळ्या एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, पंखे म्हशीसारखे डुलत फिरतात. माझी मोटर पोत्याखाली झाकलेली असते. असल्या कामात मी गल्लीचा पुढारी.

अनिसा सिस्टरची आणि माझी खरी ओळख झाली ती या पोत्यामुळंच.

समोरचा सिद्राम चाळीस वर्षं यंत्रमागावर होता. नाकातोंडात सुताचा भुगा, वरून विडीचा धूर. आता मोरीपर्यंत जाऊन आला तरी डोंगर चढल्यासारखा धापा टाकतो. दवाखान्यात दोनदा राहून आल्यावर त्यानं बायकोला, भीमाबाईला, शपथ घातली, "मला परत तितं नेऊ नको." म्हणून ऑक्सिजनचं मशिन घरी आलं, आणि नऊ ते दोन अनिसा.

अनिसा कुर्डुवाडीची. नवरा बिलाल रिक्षावाला, पोरी दोन. धाकटीला मांडीवर घेऊन तिनं नर्सिंग केलं, असं मी गल्लीभर सांगितलंय. ती म्हणते, पोर सासूकडं होती. असो, माझी गोष्ट जास्त चांगली आहे. एकदा मी तिला चिडवलं, "सिस्टर, तुमच्या हातचा एक तरी पेशंट उठून चालायला लागलाय का?" ती नळी धुता धुता म्हणाली, "काका, बरे होणारे मला बोलवतच न्हाईत की."

ती सिद्रामला उशीवर पुढं वाकवून बसवायची, वाफ द्यायची, ओठांचा चंबू करून हळू फुंकर घालायला शिकवायची. मी खिडकीतून ओरडलो, "सिद्रामा, या वयात शिट्टी शिकतोस? कुणासाठी रे?" तो हसला आणि पुढं दहा मिनिटं खोकला. अनिसा म्हणाली, "काका, जोक दोननंतर. मी गेल्यावर."

पहिल्याच पाण्याच्या दिवशी व्होल्टेज पडलं आणि मशिन केकाटून बंद झालं. छोट्या सिलिंडरवर तिनं वेळ निभावली, मग घरोघर फिरली : एका वेळी दोनच मोटरी, पाळीपाळीनं. सगळ्यांत जोरात मान मीच हलवली. पुढच्या खेपेला पाळी नसताना मोटर मीच लावली. बाई सरळ दारात. पोतं उचललं, मोटरीवर तळहात ठेवला. "काका, हिला ताप आहे. एकशे दोन तरी असंल." शेजारच्या वैजयंतीवहिनी तर पायरीवर बसून हसल्या. तेव्हापासून गल्लीतल्या मोटरींचा ताप बघायचं काम माझ्याकडं आलं. चोराच्या हाती किल्ल्या.

तरी सिद्रामच्या बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा उतरतच होता. नव्वदचा शहाऐंशी, मग चौऱ्याऐंशी. नळाच्या वेळी आकडा उतरला की अनिसा मला पिटाळायची, "बघा, कुणाची तरी पाळी सोडून चालू असंल." मी बघून यायचो. बहुतेकदा कुणाचीच नसायची.

गेल्या मंगळवारी दहाला नळ आला. सिद्रामचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, ॲडमिट करा. सिद्रामनं बोट हलवून नको म्हटलं. अनिसा दारात आली. "काका, आज एक पण नको."

मी हाळी दिली. वैजयंतीवहिनींकडं सोयरे उतरलेले, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. गल्ली गप्प. नळाची करंगळीएवढी धार, खाली घागरी. मी घरोघर हात लावून आलो आणि ऐटीत वर्दी दिली, "सिस्टर, सगळ्या गार."

मशिन छान घुमत होतं. चिमट्यात शहात्तर. अनिसानं सिद्रामचं बोट चोळलं, चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. पंचाहत्तर.

"आता चढंल की गं?" भीमाबाईनं विचारलं.

अनिसानं तिचा हात धरून सिद्रामच्या हातावर ठेवला. "काकू, तुमी हितं बसा. बोला त्यांच्याशी."

मग माझ्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आली. मी म्हटलं, "व्होल्टेज..."

"व्होल्टेज बरोबर आहे, काका. लई दिवस झाले, बरोबरच आहे. मलाच वाटायचं, तेच असावं. त्याच्याशी भांडता तरी येतं." ओढणीनं तोंड पुसून म्हणाली, "मोटरी लावायला सांगा. पाणी जाईल."

"आणि मशिन बंद पडलं तर?"

"सिलिंडर आहे की."

सिलिंडर दोनच तास चालतो, हे मला तिनंच कधीतरी सांगितलं होतं. मी तसं म्हटलं.

"पुरंल," ती म्हणाली.

मी घरी आलो. पोतं उचललं. मोटर लावली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण घरात प्यायला पाणी नव्हतं. लावली.