पिंजऱ्यावरची मराठी पाटी

फिलोमिना मॅडम गेल्या, हे मला आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वसईला, आपल्या घरी गेल्या. खाली भराभर जोडलेले हात आणि रडके चेहरे उमटायला लागले. मी काहीच टाकलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे, पण मला ते जमायचं नाही. माझा त्या बाईवर राग होता, आणि खरं सांगू... ती गेल्यापासून तो वाढलाच आहे. भांडण अर्धवट टाकून असं निघून जातं का कोणी?

जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे टेक्निशियन तयार करायचा दोन वर्षांचा कोर्स दोहाच्या आमच्या कॉलेजात आहे. मॅडम तिथे प्रॅक्टिकल शिकवायच्या. मी बेचाळिसाव्या वर्षी प्रवेश घेतला. नवरा वेस्ट बेच्या ऑफिसात, मुलगी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी, आणि अल हिलालच्या फ्लॅटमध्ये मी पंधरा वर्षं नुसती पडदे धुणारी. हा कोर्स म्हणजे माझं स्वतःचं असं पहिलंच काही होतं. वर्गात मराठी आम्ही दोघीच, मॅडम आणि मी. पहिल्या दिवशी मी हौसेनं म्हणाले, "मॅडम, मी नाशिकची," तर "इन इंग्लिश, प्लीज" म्हणून सगळ्यांसमोर मला गप्प बसवलं. भारी शिष्ट!

आणि मग ती मांजरी. दुसऱ्या सत्रात तिचं ऑपरेशन होतं. भूल द्यायची तर जनावर उपाशी हवं, हे मला तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी सकाळी ती इतकी केविलवाणी ओरडायला लागली की मला राहवेना. डब्यातली पोळी दुधात कुस्करून चारली तिला. एवढ्याशानं काय होतंय! भूल चढता चढताच मांजरी ओकली आणि ते श्वासात अडकलं. मॅडमनी तिचं डोकं खाली केलं, नळीनं घसा साफ केला, वाचवलं तिला. मग ट्रेमधला तो पांढरा लगदा निरखून बघितला आणि वर्गात कधी नव्हे ते मराठीत विचारलं, "दूधपोळी कोणी चारली?" अख्ख्या वर्गात प्रश्न कळणारी मी एकटी. माझी मान खाली गेली आणि सगळ्यांना उत्तर मिळालं.

नापास केलं मला. सबंध सत्र पुन्हा! रडले, विनवण्या केल्या, पाया पडायचंच बाकी होतं... "मांजरी मेली असती तर कोणाच्या पाया पडली असतीस, बाय?" एवढंच म्हणाल्या. नवरा म्हणाला, "खलास, पुरे झालं आता." त्या बाईला दाखवून द्यायचं म्हणूनच मी परत गेले. तर पिंजऱ्यावर पाटी: 'उपाशी'. मराठीत, मार्करनं, ठसठशीत. म्हणजे खास माझ्यासाठी! अंगाची नुसती लाही लाही झाली. त्यानंतर दीड वर्ष "येस मॅडम, नो मॅडम" यापलीकडे मी एक अक्षर बोलले नाही. त्या खंगत चालल्या होत्या, तेही दिसत होतं. विचारलं नाही. शेवटची परीक्षा पास झाले त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "आता तरी मराठीत भांड की माझ्याशी." मी "थँक यू, मॅडम" म्हणाले आणि हात सोडवून घेतला. आजारी आहे म्हणून सांगायला काय झालं होतं त्यांना? आणि विचारायला मला काय झालं होतं?

गेल्या आठवड्यात सर्टिफिकेट आणायला कॉलेजात गेले, तर पाटी तिथेच. कडा दुमडल्यात, पण अक्षर तसंच. पिंजरा पुसणारी नव्या बॅचची केरळी मुलगी म्हणाली, ही पाटी लावली की खायला द्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे, वाचता मात्र कोणालाच येत नाही. आत एक बोका ओरडून ओरडून जीव नकोसा करत होता. माझ्या पर्समध्ये पोळीचा डबा होता. हात चेनपर्यंत गेलासुद्धा...

"माहितीये रे, भूक लागलीये," मी त्याला म्हटलं. "पण गप. मॅडम ओरडतील."